नेपल्स: आधी पॉम्पेई, मग संग्रहालय

रोमहून वेगवान रेल्वेने निघालं की सव्वा तासात नेपल्स येतं. आपली बरीचशी मंडळी स्टेशनाबाहेर पाऊलही न टाकता तिथूनच पॉम्पेईची, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहराची, गाडी धरतात, चार तास उन्हात फिरतात आणि संध्याकाळी रोमला परततात. पॉम्पेईतल्या भिंतींवरची उत्तमोत्तम चित्रं, जमिनीवरचं सगळ्यात गाजलेलं मोझेक, तिथल्या स्वयंपाकघरातली भांडीकुंडी, एवढंच काय, भट्टीत जळून कोळसा झालेला पावसुद्धा पॉम्पेईत नाही. हे सगळं नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. म्हणजे घर एकीकडे आणि घरातलं सामान दुसरीकडे. दोन्ही पाहिल्याशिवाय ते घर कळत नाही.

मी तीनदा गेलो, त्यातल्या एकदा आईला घेऊन. त्या फेऱ्यांतून हा क्रम बसला आहे: पहिला दिवस जुन्या शहरात पायी, दुसरा पॉम्पेईत, तिसरा संग्रहालयात. चौथा दिवस मिळालाच तर एर्कोलानो, पॉम्पेईसारखंच गाडलं गेलेलं दुसरं, लहान शहर. वेळ कमी असेल तर पॉम्पेईऐवजी एर्कोलानो कसं चालतं, तेही पुढे सांगतो.

तिकिटं काढण्याआधी वार बघा

इटलीत संग्रहालयांचे सुटीचे वार वेगवेगळे असतात आणि बेत फसतो तो इथेच. नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद. जुन्या शहरातलं सान्सेव्हेरो चॅपेल, म्हणजे संगमरवरी ख्रिस्तमूर्तीचं छोटं प्रार्थनाघर, तेही मंगळवारीच बंद. टेकडीवरचं कापोदिमोंते संग्रहालय बुधवारी बंद. पॉम्पेई आठवडाभर उघडं असतं; १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबर हे दिवस तेवढे टाळा. त्यामुळे तुमच्या मुक्कामात मंगळवार येत असेल तर तो डोळे मिटून पॉम्पेईला द्या. एर्कोलानोचा सुटीचा वार निघण्याआधी त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं आणि उत्खननस्थळं फुकट असतात. पैसे वाचतात खरे, पण पॉम्पेईला त्या दिवशी जाऊ नका. आख्खं नेपल्स मुलाबाळांसह तिथे लोटतं. फुकटचा रविवार साधायचाच असेल तर संग्रहालयासाठी साधा, आणि तोही सकाळी दार उघडताना. सान्सेव्हेरो खासगी आहे, त्याला ही सवलत लागू नाही.

मुलं बरोबर असतील तर एक चांगली गोष्ट: सरकारी ठिकाणी अठरा वर्षांखालच्यांना तिकीट लागत नाही, मग देश कुठलाही असो. अठरा ते पंचवीस वयाची सवलत मात्र युरोपीय संघाच्या नागरिकांपुरती आहे. भारतीय पासपोर्टवाल्या कॉलेजच्या मुलांना पूर्ण तिकीट पडतं. पॉम्पेई आणि पुरातत्त्व संग्रहालय, दोन्हींची तिकिटं साधारण वीस युरोंच्या घरात धरून चला.

पॉम्पेईचं तिकीट आता नावानिशी मिळतं. नोव्हेंबर २०२४ पासून तिथे दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे. तिकिटावरचं नाव पासपोर्टावरच्या नावाशी जुळलं पाहिजे, म्हणून बुकिंग करताना 'बाबा', 'ताई' असं किंवा अर्धवट नाव टाकू नका. पासपोर्ट जवळ ठेवा.

सान्सेव्हेरोचं बुकिंग तर विमानाच्या तिकिटाबरोबरच करून टाका. चॅपेल लहानसं आहे आणि सुटीच्या दिवसांत तिकिटं खूप आधी संपतात. आमच्याबरोबरचे एक काका-काकू आयत्या वेळी गेले आणि दाराबाहेरून परतले. तिथून परतायची वेळ कुणावर येऊ नये, इतकं ते मोलाचं आहे.

ऋतूचं म्हणाल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर. दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पॉम्पेई संध्याकाळी पाचला बंद होतं आणि शेवटचा प्रवेश साडेतीनला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये आई-वडिलांना नेऊ नका. पॉम्पेईत सावली नाही.

पहिला दिवस: तीन रस्त्यांचं शहर

नेपल्स ग्रीकांनी वसवलं. 'नेआपोलिस' म्हणजे नवं नगर. हे 'नवं' नगर जवळपास अडीच हजार वर्षांचं आहे, आणि त्या काळी आखलेले रस्ते आजही तसेच वापरात आहेत. पूर्व-पश्चिम धावणारे तीन मुख्य रस्ते आणि त्यांना काटकोनात छेदणाऱ्या बोळी. खालच्या रस्त्याला लोक 'स्पाक्कानापोली' म्हणतात, म्हणजे नेपल्सला चिरणारा. मधला तो व्हिया देई त्रिबुनाली. हे दोन रस्ते एकदा डोक्यात बसले की नकाशा खिशात टाका.

मेट्रोच्या एक नंबरच्या मार्गावर दान्ते स्टेशनला उतरा. तिथून दोन मिनिटांवर पियात्सा बेल्लीनी. चौकाच्या मधोमध रस्त्याच्या पातळीखाली दगडाचे मोठे ठोकळे दिसतील. ती ग्रीकांची तटबंदी. आजूबाजूला कॉलेजची पोरं कॉफी पीत बसलेली असतात, आणि तिकीट लागत नाही.

मग सान्ता क्यारा. या चर्चच्या मागच्या अंगणात अठराव्या शतकातल्या रंगीत फरश्यांनी मढवलेले खांब आणि बाक आहेत. पिवळा, निळा, हिरवा. फरशीवर शेतकरी, कोळी, बैलगाड्या. मूळ चर्च मात्र ४ ऑगस्ट १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं आणि पुन्हा उभं केलं गेलं. म्हणून आतून ते इतकं उघडंबोडकं वाटतं.

सान्सेव्हेरोत एकच मूर्ती बघायला जायचं: ज्युसेप्पे सान्मार्तीनो याने १७५३ मध्ये घडवलेला 'पडद्याखालचा ख्रिस्त'. एका अखंड संगमरवरात मृत ख्रिस्त कोरला आहे आणि त्याच्या अंगावर तलम कापड आहे. तेही त्याच दगडाचं. कापडाखाली कपाळावरची शीर दिसते. फोटो काढायला बंदी आहे, आणि त्याचा फायदाच होतो: लोक खरोखर मूर्तीकडे बघत उभे असतात. डोक्याच्या बाजूने पाहून झालं की पायांच्या बाजूला जा, वेळ संपेपर्यंत तिथेच थांबा.

व्हिया देई त्रिबुनालीवर पियो मोन्ते देल्ला मिझेरिकोर्दिया ही जुनी धर्मादाय संस्था आहे. तिच्या चॅपेलात चित्रकार काराव्हाज्जोचं 'दयेची सात कृत्यं' हे १६०७ मधलं चित्र ज्या जागेसाठी काढलं, त्याच जागी टांगलेलं आहे. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, मेलेल्याला मूठमाती, असं सगळं एका अंधाऱ्या गल्लीत एकाच वेळी चाललेलं. चित्र पाहून बाहेर पडलात की तशाच गल्लीत उभे असता.

जमिनीखालच्या नेपल्ससाठी दोन पर्याय आहेत. एक 'नापोली सोत्तेर्रानेआ': सुमारे चाळीस मीटर खाली ग्रीकांची दगडखाण, पुढे तिचाच रोमन पाणीपुरवठा झाला आणि दुसऱ्या महायुद्धात लोकांनी तिथेच आसरा घेतला. वाटा कुठे कुठे अगदी चिंचोळ्या आहेत, मेणबत्तीएवढ्या उजेडात आडवं होऊन सरकावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि बंद जागेत घाबरणाऱ्यांनी सान लोरेन्झो माज्जोरे चर्चखालचं उत्खनन बघावं. चर्चच्या पायाखाली रोमन बाजारपेठेची गल्लीच्या गल्ली आहे, दुकानांचे गाळे ओळीने लागलेले, आणि उभ्याने आरामात फिरता येतं. आईला मी इथेच नेलं. ती एका गाळ्याच्या उंबऱ्यावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "वरचा बाजार आणि खालचा बाजार, रुंदीला सारखाच की रे."

चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. ओढणी पिशवीत ठेवली की काम भागतं. १९ सप्टेंबरला शहराचे रक्षक संत जान्नारो यांचा उत्सव असतो. कुपीत जपलेलं त्यांचं वाळलेलं रक्त पुन्हा पातळ होतं, अशी श्रद्धा आहे, आणि ते पाहायला मुख्य चर्चपुढे जत्रेसारखी गर्दी लोटते. जत्रा अनुभवायची असेल तर जरूर जा, पण त्या दिवशी त्या भागात दुसरं काही बघून होईल असं समजू नका.

दुसरा दिवस: पॉम्पेई

नेपल्सच्या मुख्य स्टेशनाखालून, गारिबाल्दी इथून, चिर्कुमव्हेसुव्हियाना नावाची लोकल सुटते. सोर्रेंतोला जाणारी गाडी पकडायची आणि 'पॉम्पेई स्काव्ही – व्हिल्ला देई मिस्तेरी' या स्टेशनवर उतरायचं. 'स्काव्ही' म्हणजे उत्खनन, हा शब्द पाठ करा. पोज्जोमारीनोकडे जाणाऱ्या दुसऱ्या फाट्यावर 'पॉम्पेई सान्तुआरियो' नावाचं वेगळंच स्टेशन आहे. तिथे उतरलात तर आधुनिक गावात, मोठ्या चर्चपाशी पोचाल. प्रवास चाळीस मिनिटांच्या आतबाहेर. गर्दीत पाठपिशवी पोटाशी घ्या, मुंबईच्या लोकलमध्ये घेतो तशी. आणि फलकावर 'शोपेरो' असा शब्द दिसला तर समजा, संप आहे. त्या दिवशी दुसरा बेत धरा.

सकाळी नऊला दारात हजर राहा. मोठी पाठपिशवी आत नेऊ देत नाहीत, ती ठेवायची सोय दाराशी आहे. पाण्याची रिकामी बाटली घ्या. आत जागोजागी नळ आहेत आणि पाणी पिण्याचं आहे. चपला-सँडल नकोत, रबरी तळाचे बूट हवेत. रस्ते लाव्हाच्या दगडांचे आहेत, वापराने गुळगुळीत झालेले. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी असेल तर पियात्सा अन्फितेआत्रोच्या दाराने शिरा. तिथून सपाट केलेला खास मार्ग सुरू होतो.

आत गेल्यावर आधी पत्ता वाचायला शिका, नाहीतर ही ६६ हेक्टरची जागा तुम्हाला गिळून टाकेल. जुझेप्पे फियोरेल्ली हे एकोणिसाव्या शतकात इथले प्रमुख होते. त्यांनी अख्खं शहर नऊ 'रेजियो'मध्ये वाटलं, रेजियोत 'इन्सुला' आणि इन्सुलात दारांचे क्रमांक. पुणेकरांना हे लगेच कळेल: पेठ, आळी, घर नंबर. कोपऱ्यावरच्या पाट्यांवर रोमन आकड्यात पेठ असते. राख घट्ट झाल्यावर आतली शरीरं कुजून पोकळ्या राहिल्या होत्या. त्यांत प्लास्टर ओतून माणसांचे शेवटचे आकार मिळवायची पद्धतही १८६३ मध्ये फियोरेल्लींनीच रुळवली. ते आकार काचेआड ठेवलेले दिसतील. ती माणसंच होती हे मनात ठेवून बघा, आणि पाठीमागे उभं राहून सेल्फी काढू नका.

सगळं बघायच्या मागे लागू नका. मी चारच गोष्टी सुचवतो.

एक, कुठलंही मोठं घर. शिरताच मधला चौक लागतो, छपराला मध्ये मोकळी जागा, खाली पावसाचं पाणी साठवायला उथळ हौद. वाड्यात वाढलेल्या माणसाला ओळख द्यावी लागत नाही. दोन, मोदेस्तुसची बेकरी म्हणून ओळखली जाणारी जागा. लाव्हाच्या दगडाची कमरेएवढी जाती रांगेत उभी, बाजूला भट्टी. या भट्टीत ८१ पाव सापडले, इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा भाजायला ठेवलेले. तीन, रेजियो पाचमधलं खाणावळीचं दुकान, २०२० मध्ये पूर्ण उघडं झालेलं. ओट्यात गोल तोंडाची मडकी बसवलेली, आणि ओट्याच्या दर्शनी भागावर बदकं आणि कोंबडा रंगवलेले. चार, फॉनचं (रोमन वनदेवाचं) घर. इथे जमिनीवर अलेक्झांडर आणि इराणी सम्राट दारयवहूच्या लढाईचं प्रचंड मोझेक होतं. आज दिसते ती प्रतिकृती.

आणि घराघरांत एक गोष्ट मुद्दाम शोधा: भिंतीवर लाल-पिवळा रंग आहे, वेलबुट्टी आहे, पण बरोबर मध्यभागी एक ओका-बोका चौकोन. १७४८ पासून इथे खणायला सुरुवात झाली तेव्हा नेपल्सच्या राजाच्या माणसांनी चांगली चित्रं गिलाव्यासकट कापून नेली. असे आठ-दहा चौकोन पाहिले की आपसूक विचाराल, इथलं चित्र गेलं कुठे? म्हणूनच पॉम्पेई आधी, संग्रहालय नंतर. उलट क्रमाने गेलात तर संग्रहालयात नुसत्या चौकटी दिसतात, कुणाच्या भिंतीवरच्या हे कळत नाही.

पॉम्पेईऐवजी एर्कोलानो?

पाय दुखत असतील किंवा अर्धाच दिवस असेल तर बेलाशक. त्याच लोकलने वीस मिनिटं, 'एर्कोलानो स्काव्ही' स्टेशन, आणि तिथून समुद्राच्या दिशेने सरळ उताराने दहा मिनिटं. जागा लहान, दोन-तीन तासांत निवांत होते. पॉम्पेईवर दगड आणि राख पडली; एर्कोलानो मात्र तापलेल्या राखेच्या लोटाखाली सुमारे वीस मीटर गाडलं गेलं. त्या उष्णतेने लाकूड जळून नष्ट न होता कोळसा होऊन टिकलं: तुळया, खाट, सरकता लाकडी पडदा, मद्याचे बुधले ठेवायची मांडणी. जुन्या किनाऱ्यावरच्या होड्यांच्या कोठारांत सुमारे तीनशे माणसांचे सांगाडे सापडले. समुद्रमार्गे सुटका होईल या आशेने ती तिथे जमली होती. त्या कमानींपुढे लोक आपोआप हळू बोलतात. वर मान केली की आजच्या गावातल्या गच्च्या आणि दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे दिसतात.

तिसरा दिवस: संग्रहालय

मेट्रोच्या एक नंबर मार्गावर 'मुझेओ' स्टेशन, वर आलात की समोरच इमारत. आधी घोडदळाची छावणी, मग विद्यापीठ आणि नंतर संग्रहालय असा तिचा प्रवास आहे. तिकीटखिडकीवर पहिला प्रश्न हा विचारा: आज कुठली दालनं बंद आहेत? माणसं कमी असली की काही खोल्या ठराविक वेळेतच उघडतात. मनातलं दालन दुपारी बंद होणार असेल तर तिथेच आधी जा.

तळमजल्यावर फार्नेझे घराण्याचा संगमरवरी संग्रह. हर्क्युलीसचा पुतळा गदेवर रेलून थकलेला उभा आहे. समोरून बघून पुढे जाऊ नका, मागे जा: पाठीमागे लपवलेल्या हातात सफरचंदं आहेत. मधल्या मजल्यावर मोझेक. अलेक्झांडरचं मूळ मोझेक इथलंच. त्यावर दुरुस्तीचं काम चालू असेल तर ते पूर्ण दिसेलच असं नाही, याची तयारी ठेवा. वरच्या मजल्यावर कालच्या त्या रिकाम्या चौकोनांतली चित्रं, काच आणि चांदीची भांडी, आणि काळा ठिक्कर पडलेला, आठ फोडींच्या खुणा असलेला पाव. भट्टी काल पाहिली असेल तर या पावापुढून पाय निघत नाही.

मोझेकच्याच मजल्यावर 'गुप्त दालन' आहे. पॉम्पेईतल्या शृंगारिक वस्तू दीर्घकाळ कुलूपबंद होत्या. २००० पासून सर्वांना पाहता येतात. लहान मुलं बरोबर असतील तर आळीपाळीने आत जा. पण जा, कारण मराठी माणसाने ज्या वस्तूसाठी नेपल्सला यावं, ती या दालनात मांडलेली असते.

ती वीतभरापेक्षा जराशी मोठी, साधारण चोवीस सेंटीमीटरची हस्तिदंती स्त्री आहे. ऑक्टोबर १९३८ मध्ये पॉम्पेईत, रेजियो एकमधल्या एका घरात, पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात सापडली. पाठीवर लांब वेणी, गळाभर हार, हातभर बांगड्या, पायांत जड वाळे, दोन्ही बाजूंना लहानशा दासी. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. डोक्यात वरून खाली भोक आहे, त्यामुळे ती एखाद्या आरशाची मूठ किंवा लहान मेजाचा पाय असावी असा तर्क आहे. तळाशी खरोष्ठी, म्हणजे प्राचीन वायव्य भारतातल्या लिपीतलं, अक्षर आहे. त्यामुळे तिचा प्रवास वायव्येकडून झाला का, यावर वाद चालू आहे.

पण तिच्या जवळच्या बहिणी सापडल्या त्या आपल्याकडे: जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. हो, संत गोरोबाकाकांचं तेर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण आणि 'तगर' अशी दोन गावं येतात, तगर म्हणजेच तेर. तिथून कापड आणि पैठणहून अकीक गाड्यांवर लादून भडोचला जाई, तिथून जहाजाने इजिप्तकडे. आणि अलेक्झांड्रियाहून निघालेली जहाजं इटलीत लागत ती पुतेओली बंदरात, म्हणजे आजच्या पोत्सुओलीत, नेपल्सच्या मेट्रोच्या दोन नंबरच्या मार्गावर.

मूर्ती कधी कधी बाहेरच्या प्रदर्शनांना जाते, तेव्हा ती जागेवर आहे का हेही तिकीटखिडकीवर विचारून घ्या. कपाट लहान आहे, लोक शेजारच्या वस्तू बघत भराभर पुढे सरकतात. तुम्ही एका बाजूला सरका आणि वेणी दिसेल असे उभे राहा. आई तिथे चष्मा पुसून पुन्हा लावत बराच वेळ थांबली, मग म्हणाली, "वाळे बघ, माझ्या आजीचे असेच होते."

परत आल्यावर तेरला जा. गावात रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहे, आणि तिथली हस्तिदंती मूर्ती पाहायला कुठल्याही बुकिंगची घाई नाही. जमल्यास कोल्हापूरला टाउन हॉलच्या संग्रहालयातही डोकवा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला, हात उंचावलेला पोसायडन, ग्रीकांचा समुद्राचा देव, तिथे आहे. तो तिकडून इकडे आला होता.